पिल्लू पडलेलं नाही, बाहेर पडलंय

पत्र : आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीसमोरच्या कडुनिंबावर मार्चमध्ये काटक्यांचं घरटं झालं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून त्यात तीन पांढरी डोकी दिसायला लागली. मोठ्या पक्ष्यांपैकी एक कबुतराएवढा आहे, पाठ राखाडी, डोळे लालभडक. दुसरा त्याहून थोडा मोठा. कुणी म्हणतं घार, कुणी म्हणतं ससाणा. परवापासून एक पिल्लू घरट्याबाहेर फांदीवर बसलंय. दिवसभर ओरडतं, आत जात नाही. आईबापही पूर्वीसारखे घरट्यावर थांबत नाहीत. शिडी लावून त्याला आत ठेवावं का? खाली पडलं तर? वॉचमन म्हणतो, खोक्यात ठेवू आणि चिकन घालू. त्यात सोसायटीने २५ मेपासून पावसाळ्यापूर्वीची छाटणी ठरवली आहे. आणि काल गच्चीवर कुरडया वाळत घालताना सासूबाईंच्या डोक्यावर एका पक्ष्याने झडप घातली. आता त्या गच्चीवर जायला तयार नाहीत. – एक वाचक, कोथरूड

उत्तर :

शिडी लावू नका. तुमचं पिल्लू पडलेलं नाही, बाहेर पडलंय. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आधी करवतीचं बोलू, कारण २५ तारीख पिल्लांसाठी थांबणार नाही.

शहरात झाडाच्या फांद्या छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली ती दिली जाते, आणि तुमच्या सेक्रेटरींनी ती काढलेलीही असेल. पण ती झाडापुरती. घरट्याला दुसरा कायदा लागतो : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम २ (१६) मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटं विस्कटणंही तिच्यात मोडतं, हे बहुतेक सोसायट्यांना ठाऊक नसतं. हे मीटिंगमध्ये आवाज चढवून सांगण्यापेक्षा पत्रात लिहिलेलं बरं. अर्धं पान पुरे. झाड कोणतं आणि कुठल्या विंगसमोर, घरट्याचा तारखेसह फोटो, पिल्लं किती, आणि छाटणी ३० जूननंतर करावी ही विनंती. एक प्रत महापालिकेच्या उद्यान विभागाला द्या, एक वनविभागाला. फांद्या विजेच्या तारांजवळ असतील तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयालाही द्या, कारण त्यांची माणसं सोसायटीला न विचारता येऊन फांद्या उतरवतात.

‘पिल्लं उडाली की दुसऱ्या दिवशी छाटू’ अशी तडजोड पुढे येईल. ती घेऊ नका. पहिल्या उड्डाणानंतरच पिल्लांना त्या झाडाची आणि आजूबाजूच्या झाडांची सर्वांत जास्त गरज असते. एखादी फांदी खरोखरच मोडकळीला आली असेल, खाली गाड्या किंवा खेळणारी मुलं असतील, तर तेवढी एकच उतरवा. यंत्राची करवत नको, हातकरवत वापरा. आणि वनविभागाशी बोलून, घरट्याच्या उलट बाजूने काम करा.

आता पक्षी कोणता ते. घार नाही आणि ससाणाही नाही, हा शिक्रा. घार याच्या दुपटीएवढी, गडद तपकिरी, शेपटीला मध्ये खाच. शिवाय तिच्या घरट्यात चिंध्या, दोऱ्या, प्लास्टिक असं भंगार हमखास असतं. तुम्ही ज्याचे डोळे लाल म्हणता तो नर. मोठी दिसते ती मादी, तिचे डोळे पिवळट-नारिंगी असतात. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादीच मोठी असते. पण पूर्ण वाढलेली मादीसुद्धा वजनाला पाव किलोच्या आसपास. घरातली मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू ती उचलून नेईल अशी भीती कुणी घातली तर हा आकडा सांगा.

पिल्लं साधारण महिनाभराची झाली की घरटं सोडतात. तुम्हाला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात डोकी दिसली, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. पण ‘घरटं सोडतात’ हे ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर एकच क्षण येतो : पिल्लू काठावर आलं, पंख पसरले, गेलं. प्रत्यक्षात हे काम तीन-चार आठवडे चालतं आणि त्याचा पहिला टप्पा तुमच्यासमोर सुरू आहे. आधी पिल्लू घरट्याचा काठ पायांनी घट्ट धरून पंख फडफडवतं. मग काठावरून शेजारच्या फांदीवर उडी मारतं. चालत, धडपडत, पंखांचा आधार घेत वर-खाली करतं. या दिवसांत ते उडत नाही, फांद्या चढतं. पायाची पकड आणि छातीचे स्नायू याच व्यायामाने तयार होतात. तुम्ही त्याला उचलून आत ठेवलंत तर पाच मिनिटांत ते परत बाहेर येईल. त्याहून वाईट म्हणजे शिडी टेकताच उरलेली दोघं घाबरून वेळेआधीच उडी मारतील. काठावर आलेली पिल्लं खाली येतात त्यामागे बऱ्याचदा माणसाची ही ‘मदत’च असते.

सगळी एकाच दिवशी बाहेर पडणार नाहीत. अंडी काही दिवसांच्या अंतराने घातलेली असतात, म्हणून पिल्लांच्या वयातही फरक असतो. त्यात नर पिल्लू लहान चणीचं, त्याची पिसं लवकर पुरी होतात, म्हणून ते बहुधा आधी निघतं. तुमचं फांदीवरचं पिल्लू इतरांपेक्षा किंचित बारीक दिसतंय का, पाहा. घरट्यातल्या दोघांच्या डोक्यावर आणि मांड्यांवर अजून पांढरी लव असेल आणि शेपूट आखूड असेल, तर त्यांना आणखी तीन-चार दिवस लागतील.

आईबाप घरट्यावर दिसत नाहीत याचा अर्थ ते सोडून गेले असा नाही. पिल्लं लहान असताना मादी त्यांच्यावर बसते. उन्हात पंख पसरून सावली करते, आणलेलं मांस फाडून भरवते. शिकार मुख्यतः नर आणतो. पिसं आली की तिचं बसणं संपतं. मग ती जवळच्या झाडावरून पहारा करते, शिकार आणून टाकते आणि लगेच निघून जाते. तेव्हा तिच्या फेऱ्या काही सेकंदांच्याच असतात आणि आपण त्याच वेळी चहा टाकायला आत गेलेलो असतो. खात्री करायची असेल तर सकाळी सहा ते साडेआठ सलग बसा. या वेळात एकही फेरी झाली नाही, तर संध्याकाळी पाच ते पावणेसात पुन्हा पाहा. दुपारी बारा ते साडेतीन पाहण्यात अर्थ नाही, सगळे सावलीत निपचित असतात. पिल्लं चोच उघडून धापा टाकताना दिसतील. ते अंग थंड करणं आहे, तहान नव्हे. खिडकीतून पाण्याचा फवारा मारायचा मोह आवरा.

ओरडण्याचंही तसंच. ‘की-ई, की-ई’ असा लांबवलेला कर्कश सूर ही भुकेची मागणी असते. त्यावरूनच आईबाप पिल्लू कुठल्या फांदीवर आहे ते शोधतात. येते दोन आठवडे हा आवाज वाढतच जाईल. खरं तर गप्प झालेल्या पिल्लाची काळजी जास्त करावी. एक गंमत लक्षात ठेवा : कोतवाल पक्षी शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. तेव्हा नुसत्या आवाजावरून पिल्लं मोजू नका.

पहिलं उड्डाण फारसं देखणं नसतं. पिल्लू समोरच्या झाडाकडे निघतं, वाटेत उंची गमावतं आणि मेंदीच्या कुंपणात, गाडीच्या टपावर किंवा पार्किंगमध्ये येऊन बसतं. इथून पुढची पंधरा मिनिटं काय होतं यावर बरंच अवलंबून असतं. चांगलं पिल्लू खोडाच्या सालीत नख्या रोवून, पंख मारत तिरकं वर चढतं, किंवा कुंपणावरून खालच्या फांदीवर आणि तिथून वरच्या फांदीवर जातं. म्हणून माळीबुवांना सांगा : सध्या खालच्या फांद्या आणि वेली साफ करू नका, त्याच त्याचा जिना आहेत. मोकाट कुत्री आणि मांजरं हटवा, मुलांना वीसेक पावलं मागे घ्या. कुणीतरी एकाने लांबून लक्ष ठेवावं, पाच जणांनी घोळका करू नये.

जमिनीवर दिसलेल्या पिल्लाला हात लावायचा की नाही, हे दोन गोष्टींवर ठरवा : पिसं आणि जखम. अंगभर तपकिरी पिसं, पांढऱ्या छातीवर तपकिरी ओघळ, डोळे उघडे आणि रोखलेले, जवळ गेल्यावर पंख उभारून चोच उघडतं, असं असेल तर ते उडायला शिकणारं धट्टंकट्टं पिल्लू आहे. ते रस्त्यात किंवा कुत्र्यांच्या टप्प्यात असेल तेव्हाच हलवा. मागून जाड टॉवेल डोक्यासकट टाका, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांत धरा. नख्यांपासून जपा, चोचीपेक्षा त्याच लागतात. त्याच झाडाच्या किंवा शेजारच्या झाडाच्या, हात पोहोचेल तेवढ्या उंचीच्या मजबूत फांदीवर ठेवून निघून या. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हा समज पक्का रुजलेला आहे, पण तो खरा नाही.

अंगावर अजून पांढरी लवच जास्त असेल, तर ते वेळेआधी पडलंय. वळवाच्या वाऱ्यात असं होतं, कधी अख्खं घरटंच खाली येतं. तुमच्याकडे मेअखेरीस एखादा तरी जोराचा वळीव होणार, तेव्हा वादळ शमल्यावर तासाभरात झाडाखाली फेरी मारून या. घरटं जागेवर असेल आणि कुणा जाणकाराला सुरक्षित चढता येत असेल तरच पिल्लू परत ठेवावं. नाहीतर बांबूची पाटी किंवा भाजीची जाळीदार टोपली घ्या. तळ असा हवा की पाणी साचू नये. त्यात बोटभर जाडीच्या काटक्या आडव्यातिडव्या पसरा, म्हणजे पिल्लाचे पाय फाकणार नाहीत. टोपली त्याच झाडावर, जमेल तितकी वर, दुपारी सावली राहील अशा बाजूला तारेने दोन ठिकाणी घट्ट बांधा. मग दोन-तीन तास लांबून पाहा. पिल्लू ओरडलं की आई सहसा तिथेच खाणं आणायला लागते. अंधार पडेपर्यंत कुणी आलंच नाही तर बचाव पथकाला कळवा.

एक पंख लोंबतोय, रक्त आहे, उभं राहता येत नाही, डोकं एका बाजूला कलतंय, अंगावर माश्या किंवा मुंग्या आहेत, काचेवर आपटलंय, किंवा मांजराने तोंडात धरलं होतं, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. मांजराच्या दाताची जखम पिसांत दिसतही नाही, पण तिच्यातून गेलेले जंतू काही तासांत अंगभर पसरतात. औषध लगेच लागतं. अशा वेळी वॉचमनचं खोकं उपयोगी आहे, चिकन नाही. साधारण दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढंच उंच पुठ्ठ्याचं खोकं घ्या. बाजूंना तळाजवळ अंगठ्याएवढी आठ-दहा भोकं पाडा, तळाला जुना टॉवेल घाला. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, तो निसरडा असतो. पिंजरा तर मुळीच नको, तारांवर आपटून पिसं मोडतात आणि मोडलेलं पीस पुढच्या गळतीपर्यंत नवं येत नाही. झाकण चिकटवा, अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. पाणी चोचीत थेंब-थेंब सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, भात, पोळी तर नाहीच. चिकनचे तुकडेही नाहीत : धक्क्यात असलेल्या पक्ष्याला ते पचत नाहीत. आणि दिवसेंदिवस नुसतं बिनहाडाचं मांस मिळालं तर कॅल्शियम कमी पडून वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. ‘आठवडाभर सांभाळलं आणि मग आणून दिलं’ अशी पिल्लं पक्ष्यांच्या दवाखान्यात नेहमी येतात, आणि वाकलेला पाय सरळ करता येत नाही. शिवाय शिक्रा घरात ठेवणं बेकायदा आहे. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. तो नंबर आजच वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीवर लिहून ठेवा.

सासूबाईंचं. गच्ची बहुधा घरट्याच्या उंचीच्या आसपास असणार, म्हणून ती पहाऱ्याच्या टप्प्यात येते. शिक्रा मागून येतो, डोक्यावरून सूं करत जातो. क्वचित नखी लागते, पण सहसा नुसता धाक असतो. पिल्लं बाहेर पडण्याच्या आठवड्यात हे सर्वांत जास्त होतं आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतं. तोवर वर जाताना छत्री उघडी धरावी, कुरडया-पापड झाडापासून लांबच्या कोपऱ्यात घालावेत. आपण त्याच्याकडे पाहत असलो तर झडप घालायला तो कचरतो, म्हणून तोंड झाडाकडे ठेवून काम केलं तर बरं. काठी फिरवू नये, दगड तर नाहीच. त्याने तो अधिक चिडतो आणि मग साऱ्या इमारतीला त्रास देतो. ओरखडा आलाच तर साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. कुरडयांवर येणारे कावळे मात्र सध्या कमी झाले असतील. ही शिक्र्याचीच कृपा.

या दिवसांत पिल्लांना खरा धोका इमारतीकडून असतो. गॅलऱ्यांना लावलेल्या कबुतरांच्या जाळ्या पाहा. सैल झालेल्या, फाटून लोंबणाऱ्या जाळीत नवखं पिल्लू अडकतं आणि सुटायच्या धडपडीत पंख मोडून घेतं. जाळी ताणून घट्ट करा किंवा महिनाभर पूर्ण काढा. संक्रांतीपासून फांद्यांत अडकलेला मांजा दिसत असेल तर घरट्याच्या झाडाला न चढता, बाजूच्या झाडांवरचा लांब काठीने काढा. खालचे पाण्याचे उघडे पिंप झाका, किंवा त्यात एक फळी तिरकी सोडा. मोठ्या काचेच्या खिडकीवर एकच काळा घारीचा स्टिकर लावून भागत नाही. बाहेरच्या बाजूने दर ५ सेंटिमीटरवर ठिपके किंवा पट्ट्या लागतात. एवढं करायला वेळ नसेल तर जुनी ओढणी किंवा साडी बाहेरून सोडून ठेवा. आणि सोसायटीच्या आवारात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवल्या असतील तर आत्ताच उचला. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-तीन दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. असा उंदीर सर्वांत आधी शिक्र्याच्या हाती लागतो आणि तेच विष पिल्लांच्या पोटात जातं. चिकट पॅडही नको, त्यावर अडकलेली पाल किंवा चिमणी उचलायला शिक्रा खाली येतो आणि स्वतःच चिकटतो.

पाहायचं कसं, तेही विचारलं असतंत तर बरं झालं असतं, कारण तिसऱ्या मजल्यावरून समोर घरटं ही जागा सहसा मिळत नाही. गॅलरीत उभं राहू नका. आतल्या खोलीत, पडद्याच्या फटीतून पाहा, मागचा दिवा बंद ठेवा. ८ × ४२ ची दुर्बीण पुरते. मादी तुमच्याकडे टक लावून पाहू लागली, किंवा पायांत शिकार असूनही घरट्यावर न येता लांब बसून राहिली, तर तुम्ही तिच्या लेखी फार जवळ आहात, एक खोली मागे सरका. फ्लॅश, ड्रोन, मोबाइलवर आवाज वाजवणं वर्ज्य. फोटो टाकायचाच असेल तर पत्ता, इमारत, ओळखू येईल असा नाका काहीच नको. एक वही करा. रोज सूर्यास्ताआधी तीनही पिल्लं कुठे आहेत ते लिहा. पहिला आठवडा ती रात्री घरट्याजवळच येतात, तेव्हा मोजणी सोपी जाते. शिकार कसली आली तेही लिहा : सरडा, खार, उंदीर, चिमणी, बुलबुल. पहिल्या पावसाच्या आसपास पंखवाल्या वाळव्या निघतील, तेव्हा पिल्लं त्या हवेत पकडायचा सराव करताना दिसतील. ती त्यांची पहिली स्वतःची कमाई.

एखाद्या दिवशी तीनच्या जागी दोन दिसली तर लगेच वाईट समजू नका. आवारातल्या दुसऱ्या झाडांवरून आवाज येतोय का, बुलबुल-मैना-खारी कुठे गलका करताहेत का ते ऐका. त्या गलक्याच्या मध्यभागी तिसरं सापडतं. पण सगळ्यांत लहान पिल्लू खाण्याच्या ओढाताणीत मागे पडून गेलं, असंही घडतं, आणि त्यात तुम्ही काही करण्यासारखं नसतं.

जूनच्या शेवटी आवार गप्प झालं की छाटणी करा, मात्र शेंड्याकडचे दोन-तीन बेचके राखा. शिक्रे बहुधा दर वर्षी नवं घरटं बांधतात, पण परिसर तोच ठेवतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुणी धावत येऊन सांगेल की सातभाई शिक्र्याच्या पिल्लाला भरवताहेत, तर दुर्बीण घेऊन जरूर जा. चोच आकडीसारखी वाकडी नसेल, बारीक असेल, पायाला शिकाऱ्याच्या नख्या नसतील. तो पावशा. दिसायला बराचसा शिक्र्यासारखा, आणि त्याची अंडी सातभाईंच्याच घरट्यात असतात.